तारेवरचा फ्रिज

निनाद बेंडाळेच्या फ्रिजचं अपडेट नव्व्याण्णव टक्क्यांवर अडकलं होतं, आणि तेव्हापासून फ्रिजनं बर्फ करणं सोडून दिलं होतं. आधी मला नवीन करा, मग बर्फ मागा, असं त्याचं म्हणणं दिसत होतं.

दोष फ्रिजचा नव्हता. राऊटर हॉलमध्ये टीव्हीच्या वर, फ्रिज स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात, आणि मधल्या भिंतीवर रेवतीला तिच्या आईनं लग्नात दिलेले स्टीलचे डबे, छतापर्यंत. वाय-फायच्या लहरी विटांमधून कशाबशा जातात, पण स्टीलपुढे त्यांचं काही चालत नाही. राऊटरकडून निघालेली लहर हरभऱ्याच्या डाळीच्या डब्यावर आपटायची आणि हात हलवत हॉलमध्ये परत यायची. डबे दुसरीकडे हलवू या, असं निनाद एकदा म्हणाला होता. पुन्हा म्हणाला नाही.

म्हणून त्यानं केबल आणली. राऊटरच्या पाठीला चार पिवळी भोकं असतात. घरात आल्यापासून त्यांत धुळीशिवाय कोणी गेलं नव्हतं. फ्रिजच्या पाठीलाही तसंच एक भोक होतं. या भोकातून त्या भोकात तार न्यायची, की मधले डबे गेले उडत.

गुरुवार होता, त्यामुळे मामा आलेले होते. आलेच आहेत तर निनादनं त्यांना कामाला लावलं.

यशवंत झोपे हे निनादचे सख्खे मामा. भुसावळला मालगाडीवर गार्ड होते. आडनावावरून रेल्वेत जेवढे विनोद झाले तेवढे सगळे त्यांनी निवृत्त होताना तिथेच ठेवले आणि मामी गेल्यावर ते नाशिकरोडला मुलाच्या फ्लॅटमध्ये राहायला आले. मुलगा बहारीनला. दोन वेळा मेसचा डबा यायचा. गुरुवारी संध्याकाळी ते दत्ताच्या आरतीला यायचे आणि देऊळ निनादच्या गल्लीतच असल्यामुळे आरतीनंतर भाच्याकडे डोकवायचे. कपाळावर अंगारा, हातात प्रसादाचे चार फुटाणे.

मामा गुडघा सांभाळत खाली बसले आणि निनाद केबल सरकवत गेला तसतशी भिंतीच्या कडेनं ती दाबत गेले. दोन्ही टोकं लागल्यावर ते राऊटरपाशी जाऊन कंबरेवर हात ठेवून उभे राहिले.

"हिरवा लागला रे निन्या. सोड गाडी."

"वा मामा! तुम्ही नसता तर झालंच नसतं," निनाद म्हणाला आणि त्याच दमात त्यानं विचारलं, "जेवण झालंच असेल ना तुमचं?"

"हो हो. जेवूनच निघालो."

"बरं मग."

हा 'झालंच असेल ना' वाईट मनानं येत नव्हता. रेवतीही ओट्यापाशी उभी राहून "काही घेता का थोडं?" असं विचारायची, पण विचारताना तिचा हात झाकणावर असायचा. दोघंही दिवसभर ऑफिसात पिळून आलेले असायचे, आणि साडेआठला ताट मांडीवर घेऊन, पाय वर करून मालिका बघायची हे त्यांच्या दिवसातलं एकमेव सुख होतं. मामांसमोर पाय वर करता आले नसते. इतकंच.

मामा लिफ्टनं खाली गेले. अपडेट रात्रभर चाललं.

आता हा राऊटर कसला होता ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं कोणालाच पटणार नाही.

खोलीत वाय-फाय चालू असतं तेव्हा खोली लहरींनी भरलेली असते. माणसाचं शरीर म्हणजे बरंचसं पाणी. ते काही लहरी पितं, काही परत फेकतं. माणूस हलला की परत येणाऱ्या लहरींची नक्षी बदलते. नुसता श्वास घेतला तरी छाती काही मिलिमीटर वरखाली होते, आणि नवे राऊटर तेवढंही ओळखू शकत होते. सुरुवातीला याचा उपयोग चोर पकडायला झाला, मग पडलेली म्हातारी माणसं शोधायला, मग पाळण्यातल्या बाळाचा श्वास मोजायला. पण या सगळ्यात एक बारीकशी थरथर उरायची. छातीच्या खाली, संथ, मधूनच येणारी. संशोधक कित्येक दिवस तिला गोंगाट समजून पुसून टाकत होते. शेवटी प्रयोगशाळेतल्या कोणीतरी पाहिलं की जेवणाच्या सुट्टीनंतर ही थरथर बंद होते.

ती भूक होती. रिकामं पोट गप्प बसत नाही. दर दीड-दोन तासांनी जठरापासून आतड्यापर्यंत आकुंचनाची एक लाट जाते, जणू कोणी रिकाम्या घरातून केर काढतंय. अन्नाचा घास पडला की लाट थांबते. आपली भूक ही आपली खाजगी बाब आहे असं माणूस आजवर समजत आला. प्रत्यक्षात ती खोलीभर पसरत होती, वाचणारं कोणी नव्हतं एवढंच.

हे कळल्यावर ओरड झाली आणि कायदा आला. शरीराची माहिती राऊटरनं हवेतून कोणालाही द्यायची नाही, द्यायची तर तारेनंच. कारण हवा शेजाऱ्याच्याही घरात जाते, तार मात्र घरातच राहते. कायदा करणाऱ्यांना हा तोडगा फारच सुरेख वाटला, कारण तोपर्यंत घरात तार वापरणारं कोणी उरलंच नव्हतं.

शुक्रवारी सकाळी अपडेट पूर्ण झालं. फ्रिजनं बर्फ केला. आणि निनाद ओट्याला टेकून रेवतीला उपासाचं महत्त्व सांगत होता तेव्हा फ्रिजचं दार आपोआप उघडलं.

या दाराला मोटर होतीच. दोन्ही हात भरलेले असतील तर 'उघड' म्हटलं की उघडायचं. पण 'उघड' कोणी म्हटलं नव्हतं. निनाद म्हणत होता, की सोळा तास न खाण्याची शरीराला एकदा सवय झाली, की भूक अशी लागतच नाही.

त्यानं दार लावलं. ते उघडलं. आतला दिवा लागला आणि गुलाबजामच्या डब्यावर प्रकाश पडला.

"लागतच नाही ना?" रेवती म्हणाली.

"बिघडलाय तो."

"मी लांब जाते, थांब." ती हॉलमध्ये गेली. दार पुन्हा उघडलं. "बघ हं, तो तुलाच विचारतोय."

दुपारपर्यंत गुलाबजाम संपले आणि निनादनं हेल्पलाइनला फोन केला. पलीकडच्या मुलीला त्याचं नवल वाटलं नाही.

"सर, फ्रिज बिघडलेला नाही. तो घरचा झालाय."

"म्हणजे?"

"आधी तो वाय-फायवर होता ना, तेव्हा राऊटरच्या लेखी पाहुणा होता. पाहुण्याला इंटरनेट देतात, घरातल्या गोष्टी सांगत नाहीत. आता तुम्ही त्याला तारेनं जोडलंत. आता फ्रिजभोवतीच्या लहरी तारेनं राऊटरकडे जातात, आणि राऊटर त्यातलं सगळं त्याला सांगतो. जवळ कोणाला भूक लागली की तो दार उघडतो. आमच्याकडे फार कौतुक होतंय सर या सोयीचं."

"कोण करतं कौतुक?"

"अजून तार कोणी जोडलेली नाहीये सर. पण होईल."

तार काढली असती तर संपलंच असतं. पण बर्फ चालू झाला होता, आणि खरं सांगायचं तर मजाही येत होती. सोसायटीचे सेक्रेटरी कुलथे सही घ्यायला आले, "आत्ताच भरपेट नाश्ता करून निघालो" म्हणाले आणि दार उघडलं. कुलथ्यांनी उघड्या फ्रिजकडे पाहिलं, सही घेतली आणि त्यानंतर ते सह्यांना मुलाला पाठवू लागले. जिन्यातला करडा बोका गॅलरीच्या जाळीशी बसला की दार उघडायचं. रेवती हसत हसत त्याला वाटीभर दूध द्यायची. बोका रोज यायला लागला. बोक्याला 'नको' म्हणता येत नाही, हा त्याचा मोठाच फायदा होता.

फ्रिजच्या धाकानं दोघं वेळेवर जेवायलाही लागले. पुढच्या गुरुवारी तर मामा यायच्या आधीच त्यांनी शेवभाजी आणि भाकरी खाऊन घेतली. मागाहून निनादला सगळ्यात जास्त टोचलं ते हेच.

आरती संपली, मामा आले. नेहमीसारखे जेवणाच्या टेबलाशी बसले, कारण हॉलमधला सोफा फार खोल होता आणि त्यात एकदा बसलं की गुडघा उठू द्यायचा नाही. टेबलाची ती खुर्ची फ्रिजला लागून होती.

"गर्दी होती का हो देवळात?" रेवतीनं विचारलं.

"होती की. आता आरतीसुद्धा स्पीकरवर लावतात. आपण नुसत्या टाळ्या वाजवायच्या. टाळ्यांचंही रेकॉर्डिंग आणलं की आम्ही सुटलो."

निनाद हसला. मग त्यानं सवयीनं विचारलं, "जेवण झालंच असेल ना, मामा?"

"हो हो. जेवूनच निघालो."

फ्रिजचं दार उघडलं.

फ्रिजचा उजेड मामांवर पडला. इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टावर, कपाळावरच्या अंगाऱ्यावर, मांडीवर ठेवलेल्या हातांवर.

"बोका आलाय का बघ गं," निनाद म्हणाला.

रेवतीनं जाळीकडे पाहिलं. बोका नव्हता.

निनादनं दार लावलं. उघडलं. पुन्हा लावलं. मामांनी तोंड दुसरीकडे फिरवलं होतं. समोर कोणी कपडे बदलत असेल तर सभ्य माणूस भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लागतो, तसं ते वाचत होते.

"दाराचं रबर गेलं असेल," कॅलेंडरकडे बघतच मामा म्हणाले.

"हो मामा. रबरच."

आणि निनाद फ्रिजला पाठ लावून उभा राहिला. हाताची घडी घालून, अगदी सहज उभा असल्यासारखा. मामांनी ऑफिसचं विचारलं, त्यानं सांगितलं. मामांनी बढतीचं विचारलं, त्यानं तेही सांगितलं. पाठीला मोटर ढकलत होती. जोर फार नव्हता. लहान मूल दाराआडून ढकलतं तेवढाच. थांबायची, दम घ्यायची, पुन्हा ढकलायची. निनादनं टाचा रोवल्या.

एक वाक्य बोललं असतं तरी पुरलं असतं. पण आता विचारायचं कसं? फ्रिज सांगतोय म्हणून विचारतो, मामा? भांडी घासून झाली होती. शेवभाजीचा वास अजून घरात होता.

"येतो रे," मामा उठले.

त्यांना पोचवायला निनाद दारापर्यंत गेला नाही, कारण पाठ काढली असती तर फ्रिज उघडला असता. "सावकाश जा, मामा," तो तिथूनच म्हणाला. लिफ्टचं दार बंद झाल्याचा आवाज आला आणि पाठीवरचा दाब थांबला.

निनाद फ्रिजपासून दूर झाला.

"मला वाटायचं तुझे मामा खरंच जेवून येतात," रेवती म्हणाली.

"मलाही."

फ्रिजला नुसती भूक कळायची, खोटं कळत नव्हतं, म्हणून दार बंद राहिलं.

कारण मामांच्या घरची रीत निनादला माहीत होती. कॉलेजची चार वर्षं तो भुसावळला मामांच्याच क्वार्टरमध्ये राहिला होता. त्या घरात पहिलं 'नको' हे नमस्कारासारखं असायचं. पाहुण्यानं ते करायचंच आणि यजमानानं ते मनावर घ्यायचं नाहीच. दुसऱ्या 'नको'ला कुसुममामी "अरे, मी काय परकी आहे?" म्हणायची. तिसऱ्यांदा ती विचारायचीच नाही, वाढायची. आपल्या माणसाकडे जाताना कोणी जेवून निघालं तर मामा तो स्वतःचा अपमान मानायचे. आणि हाच माणूस दर गुरुवारी रिकाम्या पोटी या खुर्चीवर येऊन बसत होता, रीतीप्रमाणे पहिलं 'नको' म्हणत होता आणि दुसऱ्यांदा विचारण्याची वाट बघत होता. निनादनं ते 'नको' लगेच, आनंदानं, पावती घेतल्यासारखं घेतलं होतं. गुरुवारमागून गुरुवार.

त्यानं हॉलमध्ये जाऊन राऊटरची तार उपटली.

"का रे?"

"मामांची अब्रू जाते."

"मामांची?" रेवती म्हणाली आणि बोक्याची वाटी धुवायला गेली.

पुढच्या गुरुवारी निनादनं अर्धी रजा टाकली. वरणबट्टी केली आणि घोटलेल्या वांग्याची भाजी केली. बट्ट्या पहिल्यांदा दगड झाल्या, दुसऱ्यांदा जमल्या. चव बघता बघता रेवतीचं पोट भरलं. निनाद मात्र सकाळपासून उपाशी होता. जेवायचं तर मामांबरोबरच, असं त्यानं ठरवलं होतं. टेबलावर दोन ताटं मांडली, तुपाची वाटी मधोमध ठेवली.

मामा आले ते हॉलमध्येच थांबले आणि सोफ्यावर बसले. त्या खोल सोफ्यावर, गुडघा दाबत, स्वयंपाकघराकडे पाठ करून.

"मामा, इकडे या ना. पान वाढलंय."

"नको रे. जेवून आलो."

"ते नेहमीचं झालं. चला."

"अरे, खरंच जेवलोय, निन्या."

"मी काय परका आहे?" निनाद म्हणाला. मामीचं वाक्य त्याच्या तोंडी अगदीच उसनं वाटलं. "बट्टी केलीय मी. स्वतः. मामा, हे मी तिसऱ्यांदा विचारतोय."

"असं मोजून विचारायचं नसतं रे," मामा हसले. "तुझ्या गळ्याची शपथ, पोट भरलंय. गुरुवारचाही डबा सांगितलाय आता मी. मध्यंतरी संध्याकाळचा तेवढा बंद केला होता."

"का बंद केला होता?"

मामांनी खिशातून फुटाणे काढले, रेवतीच्या हातावर ठेवले. "असंच. गुरुवार म्हणून."

निनादला ते ऐकवेना. मामा खोटं बोलतायत, रागावलेत, उपाशीच आहेत, असं त्यानं ठरवूनच टाकलं. उपाशी असते तर वाढून मोकळं होता आलं असतं. म्हणून त्यानं जे केलं ते शहाण्या माणसानं केलं नसतं. तो टीव्हीपाशी गेला आणि लोंबकळणारी तार त्यानं राऊटरच्या पिवळ्या भोकात खुपसली.

"निनाद!" रेवती ओरडली. "पोट काय तपासतोस त्यांचं?"

पण मामा उठले होते. दोन्ही हात सोफ्यावर टेकून, गुडघ्याला शिवी घालून उठले आणि राऊटरकडे वाकून बघून म्हणाले, "हिरवा लागला. चल."

ते स्वयंपाकघरात गेले. मागोमाग निनाद गेला. फ्रिजचं दार उघडलं.

"बघा!" निनाद जवळजवळ ओरडलाच. "बघा मामा, उघडलं! कशाला खोटं बोलता?"

"थांब. असं धरत नाहीत," मामा शांतपणे म्हणाले. "दोन गाड्या एका लायनीवर आहेत. तू हॉलमध्ये जा."

निनाद हॉलमध्ये गेला. मामांनी दार लावलं आणि ते फ्रिजपुढे उभे राहिले, हात पाठीमागे बांधून, ताठ. पूर्वी डब्याच्या दारात उभे राहायचे तसे. बोका जाळीशी आला होता, पण आत्ताच खालच्या मजल्यावर जेवून आल्यासारखा नुसता मिशा पुसत होता. निनाद सोफ्याच्या पाठीला धरून दारातून बघत राहिला. उघड, तो मनात म्हणत होता, एकदा उघड.

दार बंद होतं. मामांच्या शर्टावर ट्यूबलाइटशिवाय कसलाही उजेड नव्हता.

"जेवलेत रे ते," रेवती हळूच म्हणाली.

"ये आता आत," मामांनी हाक मारली.

निनाद आत आला. दार उघडलं.

"तुझं पोट आहे ते," मामा म्हणाले. "सकाळपासून खाल्लं नाहीस की काय? बस. पान वाढलेलंच आहे."

"नको, मामा."

"बस म्हणतो ना."

"खरंच नको. मला नाही जाणार आता."

मामांनी तिसऱ्यांदा विचारलं नाही. खांद्याला धरून त्याला खाली बसवलं, बट्टी हातानं कुस्करली, मधोमध खड्डा केला, त्यावर वरण घातलं आणि तूप वाटी उलटी होईपर्यंत ओतलं. निनाद मान खाली घालून खाऊ लागला. बट्टी बरी झाली होती. ते फारच वाईट झालं.

वाढताना मामांनी खिशातला फोन टेबलावर ठेवला होता. निनादनं डाव्या हातानं तो ओढला, 'सोनारबाई डबा' शोधून नंबर लावला आणि मामा "अरे, अरे" म्हणेपर्यंत पलीकडून बाईंचा मोठा आवाज घरभर आला.

"बोला झोपेकाका!"

"मी त्यांचा भाचा बोलतोय. त्यांचा गुरुवारचा संध्याकाळचा डबा बंद करा."

"कायमचा?"

"कायमचा."

"नक्की ना हो?" बाई म्हणाल्या. "नाही, मागच्या खेपेलाही काका असंच म्हणाले होते. गुरुवारी भाच्याकडे जेवतो, म्हणे."

निनादच्या तोंडात घास होता. तो गिळल्याशिवाय उत्तर देता येत नव्हतं, म्हणून निनाद चावतच राहिला. मामा कॅलेंडर वाचत होते. फ्रिजचं दार उघडंच राहिलं होतं, आणि आतला सगळा उजेड निनादवर पडला होता.